मेन पाडल्यावरचं आकाश

दसरा उलटला. चिंचोटीच्या धबधब्याकडे जाणारा रस्ता आता पुन्हा आम्हा गावकऱ्यांचा झाला आहे. पावसाळाभर तो पाहुण्यांचा असतो. शनिवार-रविवारी तर आपल्याच दारातून बाहेर पडायला वाट मागावी लागते. ऑक्टोबर आला की धबधब्याची धार बारीक होते, पाहुण्यांनी मागे ठेवलेल्या वेफर्सच्या पुड्या करवंदीच्या जाळीत फडफडत राहतात आणि डोंगराच्या पायथ्याचं भात पिवळं होऊन खाली वाकतं. दुपारी अंगणात उभं राहिलं की पिकल्या भाताचा आणि खाडीच्या चिखलाचा मिळून एकच वास येतो. घाम तर असा सुटतो की आंघोळ केली काय आणि नाही काय. या महिन्याला सगळे नावं ठेवतात. मी ठेवत नाही. याच महिन्यात एकदा मी आकाशाला मनापासून घाबरले आणि त्याच अर्ध्या तासात त्याच्यापुढे हात जोडले.

काल दुपारी जेवणं झाली आणि लाईट गेली. पंख्याचा आधी आवाज बदलला, मग पाती मोजता येऊ लागली, मग तो थांबला. पलीकडच्या घरातून काकी ओरडल्या, "तुमची पन जेली का गो?" आईने आतूनच सांगितलं, "जेली, जेली!" आपली एकट्याची गेली नाही, यात माणसाला केवढं समाधान असतं! मी सुट्टीवर आलेली, झोपाळ्यावर लोळत पडले होते. पंखा थांबला आणि माझा डावा हात आपोआप उचलला गेला, समोर बटण असल्यासारखा. तसाच हवेत थांबला. किती वर्षं झाली, पण ऑक्टोबरातल्या दुपारी लाईट गेली की हा हात अजून उचलला जातो आणि अजून थांबतो.

मी विमान चालवते. सध्या प्रवाशांच्या मोठ्या विमानात उजव्या सीटवर बसते आणि डाव्या सीटवरच्या कॅप्टनचं ऐकते. मुंबईला उतरताना कधी कधी आम्ही वसईच्या खाडीवरून येतो. दोन-चार क्षण मिठागरांचे चौकोन आरशासारखे चमकतात, आणि मी तेवढ्यात आमच्या घराचं कौल शोधायचा वेडेपणा करते. अजून एकदाही सापडलेलं नाही. पण ही सगळी पुढची गोष्ट. मला सांगायचं आहे ते एका जुन्या, दोन माणसांच्या, एका पंख्याच्या विमानाबद्दल आणि माझ्या बाबांच्या एका नियमाबद्दल.

आमचं घराणं खाडीकाठचं, भातावर आणि थोडं मिठावर जगलेलं. बाबांनी शेत सोडलं नाही, पण पोटासाठी वायरमनचं काम धरलं. सातवीनंतर शाळा सुटली. वीज ते दुसऱ्याच्या हाताखाली, झटके खात शिकले. आपल्या भागात इमारतींचं पीक आलं तेव्हा बाबांना उसंत राहिली नाही. आचोळ्यात अशा काही गल्ल्या आहेत की तिथून चालताना बाबा बोट दाखवत जातात, "ही माजी. ही पन माजी. ती समोरची, ती पन." नवख्याला वाटावं, केवढा मोठा बिल्डर! त्यांचं तिथे काय आहे, तर भिंतीच्या आत गेलेली, आता कोणालाच न दिसणारी वायर. पण त्या इमारतींच्या खिडक्यांत संध्याकाळी दिवे लागले की बाबांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी बिल्डरांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

त्यांचा नियम एकच. "आधी मेन पाड, मंग इचार कर." मेन पाडायचा म्हणजे मीटरजवळचा मुख्य स्विच खाली ओढून सगळ्या घराची वीज तोडायची. पावसाळ्यात आमच्याकडची लाईट नाचायची. बल्ब मंद व्हायचा, एकदम भगभगायचा, पुन्हा मंद. अशा नाचऱ्या लाईटने गावातले किती टीव्ही आणि फ्रिज जळाले असतील! आमचा एकही जळला नाही, कारण आमच्या घरी मी होते. बल्ब एकदा जरी लुकलुकला तरी हातातलं पुस्तक, ताट, वेणी, जे असेल ते टाकून मी मीटरकडे धावायची आणि स्टुलावर चढून मेन पाडायची. मागून बाबांचा आवाज यायचा, "पाडला?" मी ओरडायची, "पाडला!" अंधारात ते म्हणायचे, "आता इचार करू." त्या अंधारात मला इतकं सुरक्षित वाटायचं की लाईट परत आली की थोडं वाईटच वाटायचं.

हा नियम वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. या नियमाने बाबांचे हात शाबूत ठेवले. पण नियम माणसाच्या डोक्यातून हळूहळू बोटात उतरतो, आणि बोटांना आपण कुठे आहोत ते कळत नाही.

शिष्यवृत्ती मिळाली आणि मी विमान शिकायला राज्याच्या आतल्या पठारावर गेले. तिकडचा पाऊस आमच्या मानाने पाहुण्यासारखा. तरी पावसाळाभर ढगांमुळे उड्डाणं रखडायची. दसरा झाला की हवा धुऊन निघायची. लांबचे डोंगर जवळ यायचे. मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमची छोटी विमानं एकामागून एक वर जायची, आणि मुलं-मुली आपल्या पाळीची वाट बघत कडुनिंबाखाली बसायची. तिकडचा ऑक्टोबर कोरडा. घाम येतो न येतो तोच वाळायचा आणि अंगावर मिठाची रेघ राहायची. त्या रेघेने मला घराची आठवण यायची.

आमचे शिक्षक शिर्के सर. हवाई दलातून निवृत्त, आवाज खर्जातला, मिशा पांढऱ्या, आणि हसू महिन्यातून एकदा. विमानात प्रत्येक अडचणीसाठी एक कागद असतो. काय बिघडलं तर कोणत्या क्रमाने काय करायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. त्याला चेकलिस्ट म्हणतात. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "अडचण आली की आधी विमान उडवत राहा. मग कागद वाचा. मग हात लावा. कागद न वाचता बटणाला हात लावणारा माझ्याकडे एकटा उडत नाही." आमच्या आधीच्या तुकडीतल्या एकीचं एकटीचं उड्डाण त्यांनी असंच काढून घेतलं होतं. ती पुढे कितीतरी आठवडे सरांच्या शेजारी बसून उडत राहिली आणि मग एक दिवस बॅग भरून घरी गेली. आमच्या खोलीतली तिची रिकामी कॉट आम्ही रोज बघायचो.

त्या दुपारी मी एकटी निघाले होते. एका ठरलेल्या गावावरून वळसा घालून परत यायचं, दीडेक तासाची फेरी. निघण्यापूर्वी पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवली आणि पेट्रोल मोजलं. सरांनी लांबूनच मान हलवली. वर गेले. खाली कापलेल्या बाजरीची शेतं, मधूनच पाण्याने भरलेले बंधारे, एकुलती एक रेल्वेलाइन. मी खूश होते. गुणगुणत होते म्हणा ना.

चढल्यावर थोड्याच वेळात अल्टरनेटरचा पट्टा तुटला होता. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर वीज तयार करून बॅटरी भरत ठेवणारं यंत्र. तो बंद पडला की विमान बॅटरीतली शिल्लक खात राहतं. हे सांगायला त्या जुन्या विमानात एक नखाएवढा काटा होता. तो मधल्या रेघेवरून डावीकडे झुकला होता. मी तो पाहिलाच नाही. गुणगुणत होते ना!

परतीच्या वाटेवर रेडिओ खरखरला. खालच्या कंट्रोल टॉवरचा आवाज लांब गेल्यासारखा झाला. मग समोरचे आकडे फिकट झाले, एकदम उजळले, पुन्हा फिकट झाले. लाईट नाचत होती. माझा डावा हात उठला, समोरचं लाल मुख्य बटण शोधून त्याने ते बंद केलं. पाडला! विचार, कागद, सर, काहीही मधे आलं नाही.

एका क्षणात सगळं गेलं. हेडफोनमधली खरखर गेली. आकडे गेले. आणि पेट्रोलचे दोन्ही काटे माझ्या डोळ्यांदेखत खाली सरकत शून्यावर जाऊन पडले.

तीन हजार फुटांवर आपण काय केलं ते कळायला मला फार वेळ लागला नाही. मी बटण परत चालू केलं. काही नाही. बंद केलं, चालू केलं, पुन्हा पुन्हा दाबलं. काहीच नाही. मोबाईल होता, सीटमागच्या कप्प्यात, बॅगेत, बॅग पट्ट्याने घट्ट बांधलेली, कारण सुटं सामान नीट बांधावं हा नियम मात्र मी पाळला होता. मला आईची आठवण आली नाही, देवाचीही आली नाही. आठवली ती खोलीतली रिकामी कॉट. मग लाज वाटली, की मरायची वेळ आली तरी मी नापास व्हायलाच घाबरते आहे.

आणि मग माझ्या लक्षात आलं की इंजिन चालू आहे.

ते इतका वेळ चालूच होतं. त्याने क्षणभरही दम घेतला नव्हता. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते: विमानाच्या इंजिनाला बॅटरी लागत नाही, मॅग्नेटो नावाची दोन छोटी यंत्रं इंजिनाच्याच फिरण्यातून ठिणगी पाडत राहतात, आणि त्या ठिणगीवर ते फिरत राहतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या ठिणगीवर बसून आकाशात असणं वेगळं. मी समोरच्या फिरत्या पंख्याकडे बघत राहिले. कोणीही काही देत नसताना तो फिरत होता. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. खरंच सांगते, पट्ट्याने बांधलेली नसते तर वाकले असते.

मग एकेक दिसत गेलं. वेगाचा काटा जागेवर होता, कारण त्याला वीज नको, पंखाखालच्या नळीत शिरणारा वारा पुरतो. उंची सांगणारा काटा हवेच्या दाबावर चालतो, तो शांतपणे तीन हजार दाखवत होता. होकायंत्र आपल्या वाटीतल्या द्रवात डुलत होतं. खलाशी जसं बघत आले तसंच. पेट्रोलचे काटे शून्यावर होते, पण पट्टी मी स्वतः बुडवली होती आणि पट्टी विजेवर चालत नाही. माझं लाडकं सगळं, ते आकडे, ते आवाज, ते दिवे, गेलं होतं. आणि विमानाला त्याचं काहीच पडलेलं नव्हतं.

कानात कोणी बोलत नव्हतं. विमानात कायम कोणीतरी बोलत असतं. टॉवर, दुसरी विमानं, शेजारी सर. त्या दिवशी पहिल्यांदा मी वर होते आणि कोणी मला काही सांगत नव्हतं. इंजिनाची घरघर होती, पण ती घरात पीठ दळणाऱ्या चक्कीसारखी, थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होणारी. मी मान वर केली आणि बाहेर पाहिलं. असं पाहिलं की तोवर मी काचेतून बाहेर पाहिलंच नव्हतं असं वाटलं. पठार संपतं तिथे डोंगरांच्या सात-आठ ओळी एकामागे एक उभ्या होत्या, प्रत्येक मागची ओळ पुढचीपेक्षा निळी. खाली ढगाची एक छोटी सावली शेतांवरून चालली होती, बांध नाही, कुंपण नाही, कोणाची परवानगी नाही. माझ्याच उंचीवर, डावीकडे, एक घार गोल फिरत होती. तिने पंख हलवलेच नाहीत. मी जवळून गेले तरी तिने मला विशेष मान दिला नाही. इतकी मोठी जागा! आणि ती इतका वेळ इथेच होती, मी तीत रोज येत होते, आणि माझे डोळे नखाएवढ्या काट्यांवर होते. बरं, त्यातला जो बघायचा तोही बघितला नव्हता. मला रडू आलं. भीतीचं नव्हतं ते. एवढं सगळं आपल्याला धरून आहे आणि आपल्याला त्याची खबरही नाही, या विचाराने आलं.

रेल्वेलाइन मी डाव्या हाताला ठेवली. ती धरून गेलं की बंधारा, बंधाऱ्यानंतर साखर कारखान्याचं धुराडं, आणि मग आमची धावपट्टी. धुराड्याच्या धुराकडे पाहिलं की वाराही कळतो. लहानपणी बाबा शेतात उपणायला उभे राहिले की आधी मूठभर तूस सोडून वारा बघायचे. हे काही मी नव्याने शिकत नव्हते.

धावपट्टीवर पोचले तेव्हा दुसरं एक विमान उतरत होतं. मी त्याला जाऊ दिलं, टॉवरवरून एक चक्कर मारली आणि पंख डावी-उजवीकडे हलवले; रेडिओ बंद पडला आहे हे सांगायची ती रीत आहे. दुसऱ्या चकरेला टॉवरच्या काचेत हिरवा दिवा दिसला. उतर! इतका सुंदर हिरवा रंग मी आजवर कुठे पाहिलेला नाही. पंखांच्या मागच्या झडपा, ज्या उतरताना वेग कमी करतात, त्या विजेवर चालणाऱ्या. म्हणजे त्या नाहीत. मी जरा लांबून, जरा वेगात आले, चाकं टेकली, धावपट्टी संपत संपत आली आणि विमान थांबलं. सर धावत आले. त्या वयाच्या माणसाला इतकं जोरात धावताना पाहून मला आधी हसूच आलं.

सरांनी तुटका पट्टा पाहिला. "बॅटरी संपली?" मी म्हटलं, "हो सर." एवढंच. त्यांनी महिन्याचं आपलं हसू तिथेच खर्चून टाकलं आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा मला दिला. अहवालातही मी तेच लिहिलं: पट्टा तुटला, बॅटरी संपली, सगळं बंद झालं. मुलांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. बटणाबद्दल मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर माझं एकटीचं उड्डाण गेलं असतं, आणि त्या घारीच्या शेजारी परत एकटीने जायचं नाही हे मला सोसणार नव्हतं. आकाशाने एवढं दाखवलं आणि मी खाली उतरून पहिली गोष्ट काय केली, तर खोटं बोलले.

दिवाळीला घरी आले. भात कापून अंगणात आलं होतं. बाबा खळ्यात झोडपणी करत होते, आई सूप घेऊन उभी. मी पेंढ्यावर बसून सगळं सांगितलं, मीठमसाला लावून. पट्टा, नाचणारे आकडे, शून्यावर पडलेले काटे, घार, हिरवा दिवा. आईने दोनदा कडाकडा बोटं मोडली. बाबा मात्र इंजिनापाशी अडकले.

"म्हंजे लाईट जेली तरी इंजिन चालूच?"

"चालूच. स्वतःची ठिणगी स्वतः पाडतं."

"माजी जुनी स्कूटर तशीच होती गो," ते आनंदाने म्हणाले. "बॅटरी कवाची मेलेली, पन किक मारली का चालली." मग जरा थांबून म्हणाले, "ह्या इमानाची बॅटरी कशी मेली, सांग परत."

मी परत सांगितलं. आकडे फिकट झाले, उजळले, मग एकदम सगळं गेलं.

"एकदम?"

"एकदम."

बाबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "मरनारी बॅटरी हलूहलू मरते, पोरी. आवाज बारीक होतो, दिवा लाल होतो, मंग जातो. एकदम काळोख झाला म्हंजे हात लागला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मेन पाडलास?"

आई सूप थांबवून उभी राहिली. मी मान हलवली.

"आनि परत चालू केलास तर आला नाय."

"नाही आला. पण बाबा, बॅटरीत तर थोडी वीज होती. आधीच्या क्षणाला रेडिओ खरखरत होता. मग परत का नाही आला?"

हे मी सरांना विचारू शकले नव्हते. विचारलं असतं तर बटणाचं सांगावं लागलं असतं. बाबा खळ्याच्या कडेला बसले आणि त्यांनी पेंढीतली एक काडी घेतली. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक कॉन्टॅक्टर असतो, ते म्हणाले. विजेच्या जोरावर तो आतली पट्टी ओढून धरतो आणि लाईन चालू होते. विमानातल्या मोठ्या बटणामागेही तसलाच असणार. "एकदा वडलेली पट्टी धरून ठेवायला थोडा जोर पुरतो. पन सुटलेली परत वडायची तर जास्त लागतो. तुज्या बॅटरीत धरायचा जोर होता, वडायचा नव्हता. तू पाडला नसतास तर आनखी धा-पंधरा मिनटा रेडिओ तुज्याशी बोलला असता."

सातवी शिकलेला माझा बाप, ज्याने विमानाचं पोट फक्त खालून पाहिलेलं, खळ्यात बसून गवताच्या काडीने मला हे समजावत होता. माझ्या अंगावर काटा आला. वर आकाशात जेवढा आला होता तेवढाच.

मग त्यांनी ती काडी खाली टाकली. "मीच शिकवला तुना," ते म्हणाले. "जमनीवर मेन पाडला का मानूस वाचतो. वर उलटा हाय, मना काय म्हायती."

"तुमची काय चूक, बाबा?"

"सायबाला सांगितलास?"

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी भितीत वायर टाकतो. प्लास्टर झाल्यावर कोनाला दिसनार? पन एकादा जोड कच्चा राहिला असला तर मी प्लास्टर फोडून परत करतो. उद्या तिथं कोन दुसरा हात लावनार." एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी पेंढी परत उचलली. त्या संध्याकाळी मी भाताचा एक दाणाही उपणला नाही. नुसती बसून राहिले.

परत गेल्यावर मी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. हात कसा उठला, मेन पाडायची सवय, खोटा अहवाल, आणि बाबांनी काडीने समजावलेलंही. सरांनी अहवाल समोर ठेवला, मला नवा लिहायला लावला, आणि म्हणाले, "उद्यापासून माझ्या शेजारी." बस्स. माझं एकटीचं उड्डाण गेलं. त्याच रात्री ते मी बाबांना फोनवर सांगितलं. तो सगळा महिना मी सरांबरोबर उडले. धावपट्टी समोर दिसत असताना ते टॉवरला आधी सांगून ठेवायचे, मग मला न सांगता एखादी गोष्ट बंद करायचे आणि माझ्या डाव्या हाताकडे बघत बसायचे. हात उठायचा. पहिल्या आठवड्यात तर पार बटणापर्यंत जायचा. मग अर्ध्यात थांबायला लागला. रोज मी खोलीत येऊन त्या रिकाम्या कॉटकडे बघायचे आणि आपली बॅग कशी दिसेल ते मनात बघायचे. बाबा फोनवर रोज विचारायचे, "जेवलीस का?" दुसरं काही विचारायचे नाहीत.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा एका संध्याकाळी सरांनी सगळ्या तुकडीला वर्गात बसवलं. कोणी केरळचे, कोणी दिल्लीचे, दोघी मणिपूरच्या. मला म्हणाले, "वडिलांना फोन लाव. आवाज मोठा कर."

बाबा तेव्हा आचोळ्यात एका अर्धवट इमारतीत शिडीवर होते. मागे ड्रिलचा आवाज येत होता. सरांनी नाव सांगितलं, नमस्कार केला आणि म्हणाले, "दादा, ते कॉन्टॅक्टरचं माझ्या मुलांना सांगता का? मी तीस वर्षं उडवलं, पण तुमच्याइतकं सोपं मला सांगता येत नाही."

ड्रिल थांबलं. बाबा शिडीवरून खाली उतरले असावेत. आधी चाचरले. मग बोलू लागले, आपल्या बोलीत. धरायचा जोर, वडायचा जोर. सर एकेक वाक्य हिंदीत आणि इंग्रजीत सांगत गेले. माझ्या वर्गातली शहाणी, इंजिनियरिंग करून आलेली मुलं वहीत उतरवून घेत होती. केरळच्या मुलाने प्रश्न विचारला. बाबांनी त्यालाच उलटा प्रश्न विचारला आणि त्याच्याकडूनच उत्तर काढलं. शेवटी ते म्हणाले, "आनि पोरांनो, माजा नियम ऐकू नका. आधी इचार करा." कोणी हसलं नाही. मी खाली बघत होते. वर बघितलं असतं तर डोळ्यांतलं सगळ्यांना दिसलं असतं.

सरांनी आभार मानले. फोन ठेवायची वेळ झाली, पण पलीकडून बाबा ठेवत नव्हते. मग त्यांनी महिनाभर न विचारलेलं विचारलं.

"सायेब, उद्या तिच्या बाजूला कोन बसनार?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते फोनकडेच बघत होते.

"कोणी नाही, दादा."

बाबा खाकरले आणि शेतात पहिली पेंढी उचलताना बोलतात तसल्या आवाजात म्हणाले, "बरा. मंग सकालचा वारा बगून सोडा."